'द फँटसिस्ट': एक दुर्मिळ सिनेमा आणि संग्राहकांची भूक

(मंचाच्या डब्लिन येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे नुसतं 'चित्रपट' असं छापलं आहे. त्यामुळे काही जण प्रभात, राजकमल किंवा गेला बाजार सत्यजित राय ऐकायला मिळतील अशा अपेक्षेने आले असतील. त्यांची थोडी निराशा होणार आहे. मी आज बोलणार आहे तो सिनेमा फारसा चांगला नाही आणि फारसा कुणी पाहिलेलाही नाही. तरीही जुन्या सिनेमांच्या संग्राहकांना तो आपल्या फडताळात असावासा वाटतो. सिनेमाचं नाव 'द फँटसिस्ट', साल १९८६, आणि तो घडतो आपण सगळे राहतो त्या डब्लिन शहरात.

आधी कथा सांगतो, शेवट सोडून. पॅट्रिशिया टीलिंग नावाची एक तरुणी गावाकडून डब्लिनला येते. शिक्षिकेची नोकरी, भाड्याची खोली, नवं शहर. आपल्यातल्या पुष्कळांनी पुण्या-मुंबईला येताना अनुभवलेलं असतं, तसंच. त्याच वेळी शहरात एक खुनी मोकाट असतो. तो आधी बायकांना फोन करतो. फोनवर शिवीगाळ करत नाही. तो गोड, लाघवी, जवळजवळ काव्यात्म भाषेत बोलतो, त्यांच्या मनातल्या इच्छांविषयी बोलतो. ऐकणारीला भीती वाटते आणि कुतूहलही वाटतं. सिनेमाचा सगळा खेळ या दोन भावनांच्या मधल्या जागेत आहे. पॅट्रिशियाच्या आजूबाजूला तीन-चार पुरुष आहेत आणि त्यातला कोणीही खुनी असू शकतो.

दिग्दर्शक रॉबिन हार्डी. हे नाव ज्यांना माहीत आहे त्यांचे कान आता टवकारले असतील, कारण १९७३ चा 'द विकर मॅन' हा ब्रिटिश भयपट याच माणसाचा. हार्डीने आयुष्यात दिग्दर्शित केलेले पूर्ण लांबीचे सिनेमे तीन: 'द विकर मॅन', 'द फँटसिस्ट' आणि २०११ चा 'द विकर ट्री'. २०१६ साली तो वारला. म्हणजे ज्याच्याकडे पहिला आणि तिसरा आहे, त्याला मधला हवाच. संग्राहकाचं मन असं चालतं. ज्यांनी लहानपणी पोस्टाची तिकिटं जमवली आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. अल्बममधली रिकामी चौकट डोळ्यात खुपते. त्या चौकटीत बसणारं तिकीट सुंदर आहे की नाही, हा प्रश्न मागाहूनचा.

सिनेमाचा आधार आयरिश आहे. डोनेगलचे कादंबरीकार पॅट्रिक मॅकगिनली यांच्या 'गूजफुट' या १९८२ च्या कादंबरीवर तो बेतला आहे. पण पडद्यावर आलेली मंडळी बघा. दिग्दर्शक इंग्रज, नायिका मोइरा हॅरिस अमेरिकन, ख्रिस्तोफर कॅझनोव्ह इंग्रज, टिमोथी बॉटम्स अमेरिकन. आयरिश स्त्रीच्या इच्छांविषयीचा सिनेमा, आणि त्यात मध्यभागी उभी असलेली आयरिश स्त्री मात्र नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता 'एक्स्प्लॉयटेशन फिल्म' या शब्दाकडे वळू. आपल्या कानांना हा शब्द 'पिळवणूक' असा ऐकू येतो आणि आपण लगेच मोर्चाच्या पवित्र्यात जातो. चित्रपट धंद्यात मात्र त्याचा मूळ अर्थ वेगळा होता. 'एक्स्प्लॉयटेशन' म्हणजे जाहिरातबाजी, सिनेमाचा गाजावाजा करण्याची कला. ज्या सिनेमात मोठे नट नाहीत, पैसा नाही, त्याला गर्दी खेचण्यासाठी एखादी चमचमीत गोष्ट लागते. ती पोस्टरवर टाकायची आणि सिनेमा तिच्या जिवावर चालवायचा. ती गोष्ट कधी रक्तपात असते, कधी मादक द्रव्यं, आणि बहुतेक वेळा स्त्रीचं शरीर. मात्र या धंद्याने ज्या ज्या गोष्टीची जाहिरात केली तिची पिळवणूकही केली, त्यामुळे दोन्ही अर्थ शेवटी एकाच गल्लीत येऊन मिळतात.

या धंद्याची सगळ्यात मजेशीर युक्ती म्हणजे उपदेशाचा बुरखा. १९४५ साली अमेरिकेत 'मॉम अँड डॅड' नावाचा सिनेमा आला. लैंगिक शिक्षणाचा म्हणून. निर्माता क्रोगर बॅब पुरुषांचे आणि बायकांचे खेळ वेगवेगळे लावायचा, मध्येच एक व्याख्याता उभा राहायचा आणि भाषण देऊन पुस्तिका विकायचा. लोक ज्ञानासाठी येत होते असं मानायला हरकत नाही, पण रांगा पाहता ज्ञानाची तहान भलतीच मोठी होती असं म्हणावं लागेल. आपल्याकडे १९७४ साली बी. के. आदर्श यांचा 'गुप्त ज्ञान' असाच आला होता. नावातच 'ज्ञान'. आपल्यापैकी साठीच्या पुढच्या मंडळींनी तो पाहिला असेल, किंवा पाहिला नसल्याचं घरी सांगितलं असेल.

इथे मला थोडं थांबून र. धों. कर्व्यांची आठवण काढायची आहे, कारण त्यांच्याशिवाय हा विषय मराठीत बोलणं अपुरं आहे. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. संततिनियमन, कामभावना, स्त्रीचा शरीरसुखाचा हक्क, असं सगळं त्यात उघड लिहिलेलं असे. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असे. अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, पण कर्व्यांनी मासिक थांबवलं नाही. आता गंमत पहा. 'समाजस्वास्थ्य' सुरू झालं त्यानंतर दोनच वर्षांनी, म्हणजे १९२९ साली, इथे आयर्लंडमध्ये प्रकाशन सेन्सॉरशिपचा कायदा झाला आणि संततिनियमनाचा पुरस्कार करणारं कोणतंही पुस्तक बेकायदा ठरलं. १९३५ साली साधनांची विक्री आणि आयातही बंद झाली. म्हणजे गिरगावातला एक गणिताचा माजी प्राध्यापक जे छापत होता, ते डब्लिनमध्ये छापता आलं नसतं. वासाहतिक मुंबई अमुक बाबतीत स्वतंत्र आयर्लंडच्या पुढे होती, हे वाक्य आपल्याला अवघड वाटतं, पण ते खरं आहे.

कर्व्यांचं मुखपृष्ठ आणि 'गुप्त ज्ञान'चं पोस्टर, दोन्हींवर स्त्रीदेह. मग फरक काय? माझ्या मते कसोटी सोपी आहे. आतला मजकूर वाचून झाल्यावर स्त्रीच्या हातात काही जास्तीचं येतं का? कर्व्यांच्या वाचक स्त्रीच्या हातात माहिती येत होती आणि तिच्या जोरावर ती दहाव्या बाळंतपणाला नाही म्हणू शकत होती. पोस्टरवरच्या स्त्रीच्या हातात काही येत नव्हतं. ही कसोटी आपण 'द फँटसिस्ट'ला लावू.

त्यासाठी १९८६ चं आयर्लंड डोळ्यापुढे आणायला हवं. आपण बहुतेक जण इथे आलो ते नव्वदच्या दशकानंतर, आयटी कंपन्यांच्या आणि हॉस्पिटलांच्या बोलावण्यावरून. आपल्याला भेटलेलं आयर्लंड वेगळं होतं. १९८३ साली आठवी घटनादुरुस्ती झाली आणि गर्भपातबंदी घटनेत गेली. जानेवारी १९८४ मध्ये लाँगफर्ड परगण्यातल्या ग्रॅनर्ड गावी ॲन लव्हेट ही पंधरा वर्षांची मुलगी चर्चजवळच्या मेरीमातेच्या मूर्तीपाशी एकटीच बाळंत झाली. ती आणि बाळ, दोघंही दगावली. त्याच वर्षी 'केरी बेबीज' प्रकरण उभं राहिलं. १९८५ च्या चौकशी न्यायाधिकरणापुढे एका तरुण स्त्रीच्या खाजगी आयुष्याची आणि शरीराची दिवसचे दिवस चिरफाड झाली. सरकारने तिची माफी मागितली ती २०२० साली. १९८५ मध्ये अठरा वर्षांवरच्या माणसाला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय निरोध विकत घ्यायची मुभा मिळाली, तीही ठरावीक ठिकाणांहून. आणि जून १९८६ मध्ये, म्हणजे हा सिनेमा आला त्याच वर्षी, घटस्फोटाला परवानगी द्यायची की नाही यावर सार्वमत झालं. सुमारे ६३.५ टक्के मतदारांनी 'नाही' म्हटलं.

त्यानंतरची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. डब्लिनमध्ये लिफीच्या काठी व्हर्जिन मेगास्टोअर हे संगीताचं मोठं दुकान होतं. तिथल्या एका काउंटरवर आयरिश फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन निरोध विकत असे. कायद्यात बसत नाही म्हणून संस्थेवर खटला झाला, दंड झाला, १९९१ साली अपिलात तो वाढला, आणि तो भरला 'यू टू' या बँडने. करमणुकीच्या दुकानात इच्छेविषयीची गाणी विकायला काही अडचण नव्हती. त्या इच्छेची जबाबदारी घेणारी वस्तू विकली की मात्र कोर्ट.

या पार्श्वभूमीवर 'द फँटसिस्ट' पाहिला की त्यातली एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. स्त्रीच्या इच्छेविषयी सबंध सिनेमाभर बोललं जातं, पण बोलतो फोनवरचा पुरुष. तिला काय हवं आहे हे तोच तिला सांगतो. आणि तिने क्षणभर ऐकून घेतलं की त्याची शिक्षा मृत्यू. न्यायाधिकरणात वकील जे करत होते, तेच इथे खुनी करतो: स्त्रीच्या मनाचा अर्थ तिच्या वतीने लावतो. सिनेमा याची टीका करतो आहे की मजा घेतो आहे, हे शेवटपर्यंत नक्की होत नाही. माझ्या मते त्यालाच ते नक्की माहीत नव्हतं. म्हणून तो चांगला सिनेमा नाही. पण त्याच कारणाने तो महत्त्वाचा पुरावा आहे.

सिनेमात एका चित्राचा संदर्भ येतो. फ्रेंच चित्रकार बूशे याचं अठराव्या शतकातलं चित्र. कोचावर पालथी पहुडलेली एक नग्न मुलगी. ती लुईझ ओमर्फी, आयरिश वंशाच्या कुटुंबातली, असं परंपरेने मानलं जातं. चित्र काढलं तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची असावी. पुढे ती पंधराव्या लुईची अंगवस्त्र झाली. चित्र आज म्युनिकच्या संग्रहालयात आहे. अडीचशे-पावणेतीनशे वर्षं हे चित्र जपलं गेलं, त्याच्या नकला झाल्या, मालक बदलले. चित्रकाराचं नाव सगळ्यांना माहीत, राजाचं नाव माहीत. त्या मुलीचा शब्द एकही शिल्लक नाही. संग्रहाचा इतिहास असा असतो. जो विकतो आणि जो विकत घेतो त्यांची नोंद राहते, आणि जी चित्रात असते तिची नोंद राहत नाही.

आता संग्राहकांकडे येऊ. सिनेमा दुर्मिळ कसा होतो? एक, प्रती थोड्या निघतात आणि वितरक कंपनी बुडते, मग हक्क कुणाचे हेच कळत नाही. दोन, तो फक्त व्हीएचएस कॅसेटवर येतो आणि कॅसेटचं युग संपतं. तीन, सेन्सॉरची कात्री लागते आणि देशोदेशी वेगवेगळ्या लांबीच्या आवृत्त्या तयार होतात. चार, आणि हे सगळ्यात सामान्य कारण, तो कुणालाच नको असतो.

'द विकर मॅन'ची गोष्ट यात अभ्यासण्यासारखी आहे. कंपनीने तो कापून सुमारे सत्त्याऐंशी मिनिटांचा केला आणि दुसऱ्या एका सिनेमाला जोड म्हणून लावला. मूळ निगेटिव्ह हरवली. ती एका महामार्गाच्या भरावात पुरली गेली अशी दंतकथा आहे. लांब आवृत्ती वाचली ती केवळ योगायोगाने. अमेरिकेत रॉजर कॉर्मन या निर्मात्याकडे तिची एक प्रत पाहण्यासाठी पाठवलेली होती. कॉर्मन म्हणजे स्वस्त, झटपट, चमचमीत सिनेमांचा सम्राट. उच्चभ्रू मंडळी ज्याला नाकं मुरडत, त्याच्या गोदामात आजचा अभिजात भयपट सुरक्षित राहिला.

हा कॉर्मन आयर्लंडला अनोळखी नाही. १९६३ साली त्याच्या पैशावर फ्रान्सिस फोर्ड कपोला या कोवळ्या दिग्दर्शकाने 'डिमेन्शिया १३' हा भयपट काढला, तो इथेच, हौथच्या किल्ल्यावर आणि आर्डमोर स्टुडिओत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कॉर्मनने गॉलवेजवळ कॉनमाराच्या गेल्टाख्ट भागात, म्हणजे आयरिश भाषा बोलल्या जाणाऱ्या टापूत, 'कॉनकॉर्ड अनोश' नावाचा स्टुडिओ थाटला. त्याला सरकारी मदत मिळाली होती. रोजगार येईल, मुलांना धंद्याचं शिक्षण मिळेल, हा हेतू होता, आणि काही प्रमाणात तसं झालंही. पण 'क्रिमिनल अफेअर्स' नावाच्या कामुक थरारपटावरून वर्तमानपत्रांत गदारोळ उठला: करदात्यांच्या पैशावर हे? स्टुडिओ पुढे बंद पडला. २०१४ साली त्यावर 'इट केम फ्रॉम कॉनमारा' हा माहितीपट निघाला. काल जी लाज होती ती आज आठवणींचा ठेवा झाली. कॉर्मनला २००९ साली मानद ऑस्कर मिळालं आणि २०२४ साली तो अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेला.

म्हणजे पंचवीस-तीस वर्षांत कचऱ्याचं सोनं होतं. कसं होतं? यात सेन्सॉरचा हातभार मोठा आहे. ब्रिटनमध्ये ऐंशीच्या दशकात 'व्हिडिओ नॅस्टी' म्हणून ७२ सिनेमांची सरकारी यादी झाली, त्यातल्या ३९ वर खटले यशस्वी झाले. त्या यादीने सिनेमे संपले नाहीत. तिने संग्राहकांना फुकटात कॅटलॉग छापून दिला. आजही कितीतरी जण ती यादी हातात घेऊन एकेक खूण करत असतात. आयर्लंडचं तर विचारूच नका. १९२३ च्या कायद्यापासून पुढच्या काही दशकांत इथे सुमारे अडीच हजार सिनेमांवर बंदी आली आणि अकरा हजारांच्या आसपास सिनेमे कापले गेले. 'कॅसाब्लांका'त नायक-नायिकेचं प्रेमप्रकरण समजू नये म्हणून कात्री चालवली. 'ब्रीफ एन्काउंटर'वर बंदी आली, आणि त्यात तर दोन विवाहित माणसं स्टेशनवर चहा पितात, याहून फार काही घडत नाही! जॉइसच्या 'युलिसिस'वर जोझेफ स्ट्रिकने १९६७ साली काढलेला सिनेमावरची बंदी उठायला २००० साल उजाडावं लागलं. ज्या कादंबरीसाठी आपण पाहुण्यांना घेऊन शहरभर फिरतो, तिचा सिनेमा त्याच शहरात तेहतीस वर्षं बंद. कारण मुख्यतः शेवटचं स्वगत. मॉली ब्लूम त्यात आपल्या इच्छांविषयी स्वतः बोलते.

इथे मला जे म्हणायचं आहे त्याच्या गाभ्याशी आलो. फोनवरचा पुरुष स्त्रीच्या इच्छेविषयी बोलतो, त्याचा १९८६ साली थरारपट होतो. स्त्री स्वतःच्या इच्छेविषयी बोलते, त्यावर १९६७ साली बंदी येते. दोन्ही दुर्मिळ झाले, पण दोन दुर्मिळतांची जात वेगळी आहे.

आणखी उदाहरण देतो. पॅट मर्फी या दिग्दर्शिकेने जॉन डेव्हिसबरोबर १९८१ साली बेलफास्टमध्ये 'मेव्ह' हा सिनेमा काढला. १९८४ साली तिचा 'ॲन डेव्हलिन' आला. बॉब क्विनने १९८७ साली 'बुडावानी' काढला, एका बेटावरचा धर्मगुरू आणि त्याची घर सांभाळणारी स्त्री यांच्या संबंधांवर, मूकपटाच्या पद्धतीने. पाच वर्षांनी, १९९२ मध्ये, बिशप केसी यांचं प्रकरण बाहेर आलं आणि क्विनचा सिनेमा एकदम भविष्यवाणी वाटू लागला. हे सगळे सिनेमे 'द फँटसिस्ट'च्याच आसपासचे. ते पाहायला मिळणंही वर्षानुवर्षं अवघड होतं. पण त्यांच्यासाठी संग्राहकांच्या रांगा लागल्या नाहीत. कारण दुर्मिळ असणं पुरेसं नसतं. बाजाराला त्यात थोडा मसाला, थोडी बंदी आणि थोडी लाज लागते. खरेदी होते ती बऱ्याच अंशी त्या लाजेची.

आपल्या मातीतलं पाहू. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'मोहिनी भस्मासूर' हा तर इच्छेचाच सिनेमा. स्त्रीरूपावर भाळलेला राक्षस स्वतःच्या डोक्यावर हात ठेवतो आणि भस्म होतो. त्यात कमलाबाई आणि त्यांच्या आई दुर्गाबाई यांनी भूमिका केल्या, आणि भारतीय पडद्यावर पहिल्यांदा बायकांची कामं बायकांनी केली. तो सिनेमा आज आपल्याला पाहता येत नाही. मूकपटाच्या काळात देशात सुमारे तेराशे सिनेमे झाले आणि त्यातले जेमतेम तीसएक, तेही बरेचसे तुकड्यांत, शिल्लक आहेत. २००३ साली पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारातल्या भांडारात आग लागून नायट्रेट फिल्मचे डबेच्या डबे जळाले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांची भूमिका या बाबतीत अगदी स्पष्ट होती: चांगलं-वाईट ठरवणं हे संग्रहपालाचं काम नाही, सगळं जपा. लॅमिंग्टन रोडवरच्या रामसे बंधूंनी महाबळेश्वरच्या सरकारी विश्रामगृहात मुक्काम ठोकून 'दो गज जमीन के नीचे' काढला, तेव्हा तो कुणी जपावा असं कुणाला वाटलं नव्हतं. आज रामशांचे भयपट 'मोंडो मॅकाब्रो' नावाची परदेशी कंपनी साफसूफ करून, देखण्या वेष्टनात विकते. आपण टाकून दिलेलं दुसऱ्याने उचललं, की मग आपल्याला त्याची किंमत कळते.

आणि 'सखाराम बाइंडर'? १९७२ साली तेंडुलकरांच्या या नाटकाचं प्रमाणपत्र काही प्रयोगांनंतर काढून घेतलं गेलं. कमलाकर सारंग उच्च न्यायालयात लढले आणि जिंकले. लालन सारंगांची चंपा ही दारू पिणारी, शिव्या देणारी, स्वतःच्या शरीराविषयी बोलणारी बाई होती. प्रेक्षकांना तिचं शरीर खटकलं नाही, तिचं बोलणं खटकलं. मॉली ब्लूम आणि चंपा या दोघी भेटल्या असत्या तर त्यांना एकमेकींचं सगळं समजलं असतं असं मला वाटतं.

आता तुम्ही विचाराल, मग करायचं काय? असे सिनेमे बंद करायचे का? माझं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. बंदीने काय होतं ते या देशाने पन्नास-साठ वर्षं दाखवून दिलं आहे. बंदीमुळे ॲन लव्हेट वाचली नाही. उलट, जिथे इच्छेविषयी धड बोलता येत नाही तिथे दोनच भाषा उरतात, प्रवचनाची आणि चोरट्या कॅसेटची. मधली, साध्या माहितीची भाषा मरते. बेळगावहून आलेल्या सविता हलप्पनवार या आपल्यातल्याच डेंटिस्ट मुलीचा गॉलवेमध्ये २०१२ साली मृत्यू झाला, तेव्हा त्या मेलेल्या भाषेची किंमत आपण सगळ्यांनी पाहिली. मेणबत्त्या घेऊन उभे राहिलेले काही जण इथे बसले आहेत. २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून जास्त लोकांनी आठवी दुरुस्ती काढून टाकायला 'हो' म्हटलं. ते मत बायकांनी स्वतःच्या तोंडून स्वतःच्या गोष्टी सांगितल्यामुळे फिरलं. त्यांच्या वतीने कुणी फोनवर बोललं म्हणून फिरलं नाही.

दुसऱ्या टोकाला जाऊन मी या सिनेमांचं कौतुकही करणार नाही. हल्ली संग्राहकांच्या वर्तुळात 'तो काळच तसा होता' असं म्हणून खांदे उडवायची पद्धत आहे. काळ तसा होता हे खरं, पण त्याच काळात पॅट मर्फीही होती. आणि फोनवरचा माणूस काही १९८६ मध्येच राहिलेला नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्याकडे एसटीडी बूथवरून येणारे निनावी फोन किती घरांतल्या मुलींनी सोसले, ते आपल्या बहिणींना विचारा. आता त्याच्या हातात मोबाइल आहे, फोटो आहेत, आणि खोटे फोटो तयार करणारी यंत्रंही आहेत. आयर्लंडमध्ये त्यासाठी २०२० साली नवा कायदा करावा लागला. निकोल फॉक्स या तरुणीच्या आत्महत्येनंतर तिच्या आईने चालवलेल्या लढ्यातून तो आला, म्हणून लोक त्याला 'कोकोज लॉ' म्हणतात. आपली मुलं याच देशात, याच फोनवर मोठी होत आहेत. त्यामुळे हा विषय फक्त सिनेमाच्या शौकिनांचा राहत नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. 'द फँटसिस्ट'सारखे सिनेमे जपावेत, दाखवावेत, पण त्यांच्याशेजारी त्यांचं साल ठेवून. टेंपल बारमधल्या आयरिश फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संग्रहालय आहे, अभ्यासाची सोय आहे. ट्रिनिटीतल्या केव्हिन रॉकेट यांनी २००४ साली आयरिश चित्रपट सेन्सॉरशिपवर जाडजूड ग्रंथ लिहिला आहे, तो ग्रंथालयातून मिळू शकेल. सिनेमा पाहायचा तर १९८६ च्या सार्वमताचा निकाल माहीत असताना पाहावा. आणि पाहून झाल्यावर पहिलं बोलणं बायकांचं असावं. आपल्या बैठकांत चर्चेला पहिला हात नेहमी कुणाचा वर जातो, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मगाशी सांगितलेली कसोटी लावा: सिनेमातल्या बाईच्या हातात शेवटी काय आलं? 'द फँटसिस्ट'पुरतं माझं उत्तर 'फारसं काही नाही' असं आहे. पण माझं उत्तर शेवटचं असायचं कारण नाही.

संग्राहक मंडळींना एक विनंती. आपल्यात दोघे-तिघे तरी आहेत, त्यांनी मान खाली घालायचं कारण नाही. तुमची चिकाटी मोठी गोष्ट आहे. सरकारी संग्रहालयांनी जे सोडून दिलं ते तुमच्यासारख्यांनी वाचवलं आहे. त्या चिकाटीतला थोडा भाग ज्याला बाजारभाव नाही अशा गोष्टींना द्या. 'समाजस्वास्थ्य'चे सुटे अंक कुणाच्या आजोळी माळ्यावर असतील. स्त्रीमुक्ती चळवळीच्या पथनाट्यांच्या कॅसेटी असतील. इथे आलेल्या पहिल्या मराठी परिचारिकांची पत्रं, फोटो असतील. त्यांना वेष्टन नाही, क्रमांक नाही, लिलावात किंमत नाही. बुरशी लागायला मात्र त्यांनाही तेवढाच वेळ लागतो. ॲसिटेट फिल्म कुजायला लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो आणि तो वास आला की फार थोडा वेळ उरलेला असतो. कागदाला तर तो इशाराही नसतो.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे असं काही असेल त्यांनी घेऊन यावं. स्कॅनर मी आणतो.